फुली दिसेनाशी होईपर्यंत

पांढऱ्या कागदावर शाणू वेळीप काळ्या पेनने फुली मारतो,
एकतीस वर्षं एकाच जाडीची.
तिच्यावर चंबू, चंबूत थायोसल्फेट,
पाण्याइतकं नितळ, काहीच मनात नसल्यासारखं.
मग आम्ल. मग घड्याळ.
पोरं वरून वाकून बघतात, विहिरीत बघावं तशी.

गंधक येतो, आधी संशयाइतकाच,
मग ताकासारखा, मग पिवळट,
आणि खालची फुली बुडत बुडत
"गेली, सर!"
बावन्न सेकंद.

पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची आहे.
आमची कुडचड्यातली, पत्र्याखालची, एप्रिलात चौतीसची.
म्हणून आमची उत्तरं मागच्या पानावरच्या उत्तरांशी
कधीच जुळली नाहीत.
बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला मी दरवर्षी सांगतो,
मुलं खोटं लिहीत नाहीत हो,
आमच्याकडे सगळंच जरा लवकर होतं.

पाणी वाढवलं की रेणू एकमेकांना चुकतात,
बाजार उठल्यावर ओळखीचं माणूस भेटू नये तसे.
तापवलं की धडकतात.
पण नुसतं धडकून भागत नाही,
उंबरठा चढण्याइतका जोर लागतो अंगात.
काडेपेटीतली काडी वर्षभर हवेतच असते.
एवढं बोलून मी थांबतो,
आणि शाणू काडी ओढतो.

उत्प्रेरक वेग वाढवतो
आणि शेवटी जसाच्या तसा उरतो,
मी फळ्यावर लिहितो. शाणू फळा पुसतो.
नायट्रिकने पिवळी पडलेली त्याची बोटं,
मनगटावरचा डाग,
एका वर्षी कुणाचं तरी परीक्षानळीवर लक्ष नव्हतं त्याचा.
"तसोच कोण उरता, सर?"
खरं म्हणजे कारखान्यातले उत्प्रेरकही दमतात,
काजळतात, बदलावे लागतात.
अभ्यासक्रमात नाही ते.

सेवेरिना कुलासो डब्याच्या झाकणात गंज घेऊन आली.
खपल्या, पापुद्र्यावर पापुद्रा,
करपलेल्या बेबिंकेसारख्या.
"सर, ह्याचा वेग कसा काढायचा?"
बाप तिचा बार्जवर सुकाणी.
खाणी थांबल्या, बार्ज काठाला बांधली गेली,
बाप आता मासळीचा टेंपो चालवतो
आणि घरून निघताना अजून भरतीची वेळ विचारतो.

मी म्हटलं, मिठाचा हात आहे ह्यात, ओलीचा, उन्हाचा.
एक खपली सुटली की खालचं लोखंड उघडं,
पृष्ठभाग वाढतच जातो.
बुडाला जस्ताच्या वड्या ठोकतात,
लोखंडाच्या आधी त्यांनी झिजावं म्हणून.
"त्या संपल्या," ती म्हणाली.
"बदलायला कोणी आलंच नाही."

फुली तिनं आपली आपणच शोधली होती.
बार्जच्या नाकाडावर पांढऱ्या रंगातलं नाव,
सांता रिता.
ती पाचवीत, तेव्हा चारही अक्षरं.
आठवीत शेवटचं 'ता' तांबडं झालं.
आता किती उरलीत यावर बापलेकीचं जमत नाही.
तिला एक दिसतं.
बापाला चारही वाचता येतात, काळोखातसुद्धा.

तिनं जर्नलात तक्ता आखला.
तापमान: नदीचं असेल ते.
मिठाची संहती: भरतीला जास्त, ओहोटीला कमी, पावसात विचारू नका.
निरीक्षक: दोन. नोंदी जुळत नाहीत.
वेळेच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं,
आणि खाली बारीक अक्षरात:
घड्याळ चालू.

मी सही केली. दहापैकी किती द्यायचे ते सुचेना.
शाणूनं चंबू विसळला,
खालचा कागद उचलून उजेडात धरला.
कडेने भिजला होता. फुली शाबूत.
पुढच्या तुकडीसाठी
त्यानं तोच परत ठेवला.